पाण्यात सोडलेली गोळी हिशेबापेक्षा उशिरा का पोहोचते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक मीटर उंचीची, आतून ४ सेंटिमीटर व्यासाची पारदर्शक नळी उभी करून पाण्याने भरली आणि १० मिलिमीटर व्यासाच्या तीन गोळ्या वरून सोडल्या : पोलादाची, काचेची आणि नायलॉनची. वजनातून प्लावक बल, म्हणजे पाणी गोळीला वर ढकलतं ते बल, वजा केलं, त्यावरून त्वरण काढलं आणि ‘अंतर = ½ × त्वरण × वेळेचा वर्ग’ या सूत्रात घातलं. अपेक्षित वेळा आल्या ०.४८, ०.५८ आणि १.२९ सेकंद. स्टॉपवॉचवर मिळाल्या साधारण ०.९, १.६ आणि ५ सेकंद. मग कोणीतरी स्टोक्सचा नियम, म्हणजे द्रवाच्या चिकटपणामुळे होणाऱ्या विरोधाचं सूत्र, लावायला सांगितलं, तर पोलादी गोळीचा अंतिम वेग निघाला सेकंदाला ३७० मीटर. आता त्यांची विचारणा अशी की प्लावक बलाचा हिशेबच चुकला आहे का, आणि वहीत ‘मानवी चूक’ लिहून मोकळं व्हावं का.

प्लावक बलाचा हिशेब अगदी बरोबर आहे. १० मिलिमीटरच्या गोळीचं आकारमान ०.५२४ घन सेंटिमीटर, म्हणजे ती ०.५२४ ग्रॅम पाणी बाजूला सारते आणि तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बल तिला वर ढकलतं. गोळी पोलादाची असो की नायलॉनची, हे बल तेवढंच. चूक पुढच्या पायरीवर झाली आहे. ते सूत्र त्वरण कायम असेल तरच चालतं, आणि पाण्यात ते क्षणभरसुद्धा कायम राहत नाही. गोळी हलू लागली की ड्रॅग, म्हणजे पाण्याचा गतीला होणारा विरोध, वाढत जातो. थोड्याच अंतरात तो इतका होतो की निव्वळ बल जवळजवळ शून्य होतं आणि गोळी एकाच वेगाने खाली जात राहते. तो तिचा अंतिम वेग. तुमच्या नायलॉनच्या गोळीने एक मीटरपैकी जवळपास सगळा प्रवास त्याच वेगाने केला आहे.

आकडे घालून पाहू. पोलादी गोळीचं वस्तुमान ४.०८ ग्रॅम. प्लावक बल वजा करता तिला खाली ओढणारं बल उरतं सुमारे ३५ मिलिन्यूटन. या आकाराची गोळी या वेगांना जाते तेव्हा ड्रॅग वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ½ × पाण्याची घनता × ड्रॅग गुणांक × गोळीचा काटछेद × वेगाचा वर्ग. गुळगुळीत गोलासाठी गुणांक साधारण ०.४ ते ०.४५. मी ०.४४ धरतो. हा ड्रॅग ३५ मिलिन्यूटनला पोहोचतो तो वेग येतो सेकंदाला १.४ मीटर. काचेच्या गोळीचा येतो ०.६७ आणि नायलॉनचा जेमतेम ०.२ मीटर. वेग वाढण्याचा सुरुवातीचा टप्पा धरून एक मीटरचा पूर्ण हिशेब केला तर वेळा येतात ०.८३, १.५९ आणि ५.०७ सेकंद. आता तुमच्या मोजमापांकडे पुन्हा बघा. काच आणि नायलॉन जवळजवळ तंतोतंत जुळतात. थोडी भरकटली आहे ती फक्त पोलादी गोळी. तिचा सगळा प्रवास एका सेकंदाच्या आत संपतो आणि स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाला ०.२ सेकंदाच्या आसपास उशीर होतोच, त्यामुळे तिथे याहून बरं काही निघणार नव्हतं.

म्हणून ‘मानवी चूक’ लिहू नका. मला तो शब्दप्रयोग प्रयोगवहीत दिसला की पुढचं वाचावंसं वाटत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. बोटाला उशीर होतो हे खरं असेल तर ‘प्रतिसादाचा विलंब सुमारे ०.२ सेकंद, पोलादासाठी ही अनिश्चितता मोजलेल्या वेळेच्या २० टक्क्यांहून अधिक, नायलॉनसाठी सुमारे ४ टक्के’ असं लिहा. तेवढ्यावरून वाचणाऱ्याला कळतं की कुठल्या आकड्यावर किती विसंबायचं. आणि हेही लिहा की अपेक्षित १.२९ सेकंदांच्या जागी ५ सेकंद मिळणं ही मोजण्यातली चूक असूच शकत नाही. इतकी मोठी तफावत दिसली की सूत्रावर संशय घ्यायचा.

स्टोक्सच्या नियमाचं काय झालं? १८५१ साली स्टोक्सने मांडलेला तो नियम संथ, चिकट प्रवाहासाठी आहे. तिथे ड्रॅग पाण्याच्या श्यानतेमुळे, म्हणजे चिकटपणामुळे येतो आणि वेगाच्या प्रमाणात वाढतो. तो लावायचा की नाही हे रेनॉल्ड्स अंक सांगतो : वेग × व्यास × घनता भागिले श्यानता. हा अंक १ पेक्षा बराच कमी असेल तरच स्टोक्स. तुमच्या नायलॉनच्या गोळीचा अंक येतो २,००० आणि पोलादीचा १४,००० च्या वर. इतक्या मोठ्या अंकाला गोळी पाण्याला नुसती घासत नाही, ती त्याला ढकलून मागे भोवरे सोडत जाते आणि तिची ऊर्जा त्या भोवऱ्यांत जाते. साध्या पाण्यात स्टोक्सचा नियम पाळणारी काचेची गोळी हवी असेल तर ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक घ्यावी लागेल. सेकंदाला ३७० मीटर हा वेग हवेतल्या ध्वनीच्या वेगाहून जास्त आहे. असा आकडा आला की गणित पुन्हा तपासण्याआधी नियम लागू होतो का ते तपासावं.

याचा एक फायदाही आहे. मोठ्या रेनॉल्ड्स अंकाला श्यानतेचा प्रभाव जवळजवळ नाहीसा होतो. पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं तर त्याची श्यानता सुमारे २० टक्क्यांनी उतरते, पण तुमच्या वेळांवर त्याचा परिणाम दिसणारही नाही. तापमानाची काळजी तुम्हाला करायची नाही.

आता तुमच्याच आकड्यांतून काय निघतं ते पाहू. अंतिम वेगाला ड्रॅग आणि पाण्यातलं वजन सारखे असतात. म्हणून एकाच आकाराच्या गोळ्यांसाठी वेगाचा वर्ग हा (गोळीचं वस्तुमान − सारलेल्या पाण्याचं वस्तुमान) याच्या प्रमाणात हवा. आडव्या अक्षावर वस्तुमान आणि उभ्या अक्षावर वेगाचा वर्ग घेतला तर सरळ रेष यायला हवी, आणि ती आडव्या अक्षाला बरोबर सारलेल्या पाण्याच्या वस्तुमानापाशी छेदायला हवी. नायलॉनची गोळी ०.५९७ ग्रॅम, सरासरी वेग सेकंदाला ०.२ मीटर, वर्ग ०.०४. काचेची १.३०९ ग्रॅम, वेग ०.६२५, वर्ग ०.३९. या दोन बिंदूंतून रेष काढा. ती आडव्या अक्षाला ०.५१६ ग्रॅमवर छेदते. आर्किमिडीजच्या तत्त्वाने यायला हवं ०.५२४. म्हणजे तुम्ही ज्याला फसलेला प्रयोग म्हणता त्यातूनच प्लावक बल दोन टक्क्यांच्या आत मिळालं. नायलॉनची गोळी मुळातच त्या आकड्याजवळ बसली आहे, त्यामुळे हे यश थोडं स्वस्तातलं आहे हे मान्य. रेषेच्या चढावरून ड्रॅग गुणांक काढला तर ०.५ च्या आसपास येतो. तो जरा जास्त आहे, कारण सरासरी वेगात सुरुवातीचा संथ टप्पाही मिसळला आहे आणि नळी अरुंद आहे.

पुढचा प्रयोग याच आलेखाभोवती बांधा. त्वरण मोजायचा नाद सोडा आणि अंतिम वेग मोजा. आकार एकच ठेवून फक्त वस्तुमान बदला. त्यासाठी टेबल टेनिसचा चेंडू उत्तम : ४० मिलिमीटर व्यास, २.७ ग्रॅम वजन, आणि तो सारतो ३३.५ ग्रॅम पाणी. बारीक छिद्र पाडून आत छर्रे घाला, वितळलेलं मेण ओतून ते जागच्या जागी पक्के करा (मेण फार तापवू नका, चेंडू वाकडा होतो) आणि छिद्र बुजवा. ३६, ४०, ४५, ५०, ६० ग्रॅम असे चेंडू बनवले तर अपेक्षित वेग सेकंदाला ०.३ ते ०.९७ मीटरच्या टप्प्यात येतात, म्हणजे फोनच्या व्हिडिओला झेपणारे. छर्रे सुटे राहू देऊ नका, नाहीतर चेंडू आतून डुलत जातो. प्रत्येक चेंडूचं वजन पाण्यात सोडण्याआधी आणि बाहेर काढून पुसल्यावर, असं दोनदा करा. आकडा वाढला असेल तर पाणी आत शिरलं आहे आणि ते मोजमाप बाद.

ही कल्पना जुनीच आहे. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात अशाच प्रयोगांचं वर्णन केलं आहे. आतून ९ इंच चौरस आणि साडेनऊ फूट खोल लाकडी पात्र, त्यात पावसाचं पाणी, शिसं घातलेले मेणाचे गोळे आणि वेळ मोजायला लंबक. गोळे ११२ इंच खाली जात. काही गोळे पडताना डुलतात आणि त्यामुळे जास्त वेळ घेतात, हेही त्याने टिपलं होतं. तुमच्याकडे फोन आहे. पण चेंडू सरळ जातो की नागमोडी, हे तुम्हालाही बघावंच लागेल. हलके चेंडू जास्त भरकटतात.

अंतिम वेग कुठून मोजायला लागायचा? माझा ढोबळ नियम असा : गोळीची घनता पाण्याच्या कितीपट आहे तो आकडा घ्या, त्यात अर्धा मिळवा, व्यासाने गुणा आणि मग साडेतीनने गुणा. तेवढं अंतर पडल्यावर गोळीने अंतिम वेगाचा ९५ टक्के भाग गाठलेला असतो. १० मिलिमीटरच्या पोलादी गोळीला हे अंतर २९ सेंटिमीटर येतं, काचेच्या गोळीला साडेदहा, ५० ग्रॅमच्या चेंडूला २८. तिथे खूण करा आणि वेळ तिच्यापासून खाली मोजा.

त्या नियमातला ‘अर्धा मिळवा’ हा भाग सहज ओलांडून जाऊ नका. गोळी वेग घेते तेव्हा भोवतालच्या पाण्यालाही वेग घ्यावा लागतो. गोलाच्या बाबतीत हे ओझं सारलेल्या पाण्याच्या निम्म्या वस्तुमानाइतकं भरतं. याला वाढीव वस्तुमान म्हणू. ते श्यानतेमुळे येत नाही, त्यामुळे अगदी पहिल्या क्षणीसुद्धा, ड्रॅग शून्य असताना, ते हजर असतं. तुमच्या हिशेबात काचेच्या गोळीचं सुरुवातीचं त्वरण ५.९ मीटर प्रति सेकंद वर्ग होतं, प्रत्यक्षात ते ४.९ असतं. नायलॉनचं १.२ वरून ०.८४ वर येतं. पोलादाला फारसा फरक पडत नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर रिकामा टेबल टेनिसचा चेंडू तळाशी धरून सोडा. वाढीव वस्तुमान विसरलात तर त्याचं सुरुवातीचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ११ पटींहून अधिक यायला हवं, कारण वर ढकलणारं निव्वळ बल ३०.८ ग्रॅमच्या वजनाइतकं आणि हलवायचा आहे फक्त २.७ ग्रॅमचा चेंडू. सेकंदाला २४० चौकटींच्या (फ्रेमच्या) व्हिडिओत पाहिलं तर पहिल्या १० चौकटींत, म्हणजे ०.०४ सेकंदात, तो ९ सेंटिमीटर वर जायला हवा. जातो फक्त १.२ सेंटिमीटरच्या आसपास. २.७ ग्रॅमच्या चेंडूला आपल्यासोबत पावणेसतरा ग्रॅम पाणीही ओढावं लागतं, म्हणून त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे दीडपटीवर येतं. वर्गात दाखवण्यासाठी याच्याइतका खणखणीत प्रयोग मला दुसरा माहीत नाही, आणि गणित जवळजवळ काहीच नाही.

आता हातात घ्यायच्या गोष्टी. गोळी हवेतून टाकू नका. पृष्ठभाग फोडताना ती हवेची पोकळी सोबत खेचते आणि अंगाला बुडबुडे चिकटवून घेते. पूर्ण बुडवून, चिमट्याने धरून, पाणी स्थिर झाल्यावर सोडा. चिकटलेल्या बुडबुड्याला क्षुल्लक समजू नका. दोन मिलिमीटरचा एक बुडबुडा सुमारे ४ मिलिग्रॅमची उचल देतो. काचेच्या गोळीला हा अर्धा टक्का झाला, पण नायलॉनच्या गोळीचं पाण्यातलं वजनच ७३ मिलिग्रॅम, तिला जवळजवळ सहा टक्के. पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एखादा थेंब टाकला आणि गोळी बोटाने चोळून ओली केली की बुडबुडे धरत नाहीत. फेस मात्र होऊ देऊ नका. नायलॉनची आणखी एक खोड म्हणजे ते पाणी शोषतं. रात्रभर पाण्यात पडलेली गोळी कोरडी असतानाच्या वजनाने मोजू नका, प्रयोगाच्या वेळी पुन्हा तोला. पोलादी गोळी विद्युतचुंबकाने सोडायची युक्ती पुष्कळ जण करतात, पण प्रवाह बंद केल्यावरही चुंबकत्व थोडं रेंगाळतं आणि सुटण्याचा क्षण पुढे सरकतो. अंतिम वेगच मोजत असाल तर त्याने बिघडत नाही.

भांडं रुंद घ्या, गोळीच्या व्यासाच्या निदान दहापट. खाली जाणाऱ्या गोळीने सारलेलं पाणी तिच्या बाजूने वर चढतं, आणि नळी अरुंद असली की त्या वर येणाऱ्या प्रवाहाविरुद्ध गोळीला जावं लागतं. तुमची नळी चौपटच आहे, तिथे काही टक्के वेग नक्की गेला. टेबल टेनिसच्या चेंडूला ४० सेंटिमीटर रुंद पिंप किंवा टाकी लागेल.

व्हिडिओत सगळ्यात मोठा घोटाळा मोजपट्टीचा होतो. पट्टी टाकीच्या पुढच्या काचेवर चिकटवलेली, गोळी तिच्या मागे १५ सेंटिमीटर पाण्यात आणि कॅमेरा काचेपासून एक मीटरवर असेल, तर अपवर्तनामुळे ते १५ सेंटिमीटर ११ भासतात आणि गोळीचं प्रत्येक अंतर सुमारे १० टक्क्यांनी कमी मोजलं जातं. वेगाच्या वर्गात ती चूक दुप्पट होते. पट्टी पाण्याच्या आत, गोळीच्या वाटेला लागून, त्याच प्रतलात उभी करा. कॅमेरा मोजायच्या पट्ट्याच्या मध्याच्या उंचीवर आणि जमेल तितका लांब ठेवून झूम करा. फोनवर लिहिलेला चौकटींचा वेग डोळे झाकून मानू नका, काही फोन प्रकाश कमी पडला की तो स्वतःच बदलतात. चौकटीच्या कोपऱ्यात चालू डिजिटल घड्याळ ठेवलं की तपासता येतं.

स्टोक्सचा नियम तपासायचाच असेल तर पाण्याऐवजी ग्लिसरीन घ्या. २० अंशांना त्याची श्यानता पाण्याच्या सुमारे १,४०० पट. ४ मिलिमीटरची पोलादी गोळी तिथे सेकंदाला ४ सेंटिमीटरने उतरते, आणि रेनॉल्ड्स अंक ०.१४ भरतो. इथे मात्र सगळ्या काळज्या उलट होतात. तापमान नोंदवणं अपरिहार्य, कारण २० वरून ३० अंशांवर ग्लिसरीनची श्यानता निम्म्याहून कमी होते. भिंतीचा त्रासही वाढतो. नळी गोळीच्या दहापट रुंद असली तरी वेग सुमारे २१ टक्क्यांनी घटतो. आणि ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून पातळ होतं, म्हणून बाटली उघडी ठेवू नका.

ग्लिसरीन आणलंच तर एक प्रयोग त्यातच उरकून घ्या. ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या डिजिटल तराजूवर ग्लिसरीनने भरलेलं उंच, अरुंद मोजपात्र ठेवा आणि आकडा शून्य करा (आधी तराजूची क्षमता बघा). तीच ४ मिलिमीटरची गोळी बारीक दोऱ्याने आत लोंबकळत धरली तर आकडा ०.०४ ग्रॅमने वाढतो. हे फक्त प्लावक बल : द्रव गोळीला वर ढकलतो, तेवढंच गोळी द्रवाला खाली ढकलते, बाकीचं वजन दोरा पेलतो. आता ती काढून आकडा पुन्हा शून्य करा आणि दोऱ्याशिवाय दुसरी गोळी सोडा. ती अजून खाली जात असतानाच तराजू ०.२६ ग्रॅम दाखवतो, म्हणजे गोळीचं पूर्ण वजन, कारण अंतिम वेगाला प्लावक बल आणि ड्रॅग मिळून तिला संपूर्ण पेलतात. ३० सेंटिमीटर उतरायला तिला आठ-नऊ सेकंद लागतात, तेवढ्यात तराजू स्थिरावतो. गोळी तळाला टेकते तेव्हा आकडा बदलत नाही.